वीसची रेघ

संघपाल अडकमोल सरांच्या शनिवारच्या तासाला पोरं ‘किराणा तास’ म्हणायची. सर ते ऐकून घेत. एकदा त्यांनी स्वतःच फळ्यावर तारखेखाली ‘किराणा’ असं लिहून तास सुरू केला, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं जरा ओशाळली. पण नाव काही पुसलं गेलं नाही.

यावलच्या पुढे, केळीच्या बागांनी वेढलेल्या एका मोठ्या गावातलं, शाळेलाच जोडलेलं ते कनिष्ठ महाविद्यालय. सर तिथे विज्ञान शाखेला गणित शिकवत. ऐन उमेदीत लागले होते, आता निवृत्ती दिसू लागली होती. मूळचे वरणगावचे. वडील चिंधा अडकमोल तिथल्या कारखान्यात कामगार होते. त्यांचं काम एकच. घडवून आलेला सुटा भाग पोलादी मापातून सरकवून पाहायचा. गेला तर पास, अडला तर बाजूला. शाळेचं तोंड न पाहिलेला तो माणूस घरी आला की मुलाला सांगायचा, डोळ्यावर जाऊ नको, मापावर जा. डोळा थकतो, माप थकत नाही. मुलगा एम.एस्सी. झाला, बी.एड. झाला, पण गणितावरची त्याची श्रद्धा मुळात बापाच्या त्या पोलादी मापावरची श्रद्धा होती.

सरांना एक गोष्ट वर्षानुवर्षं खुपत असे. दहावीचा निकाल लागला की गावातली पोरं गणिताचं पुस्तक भेळवाल्याला नेऊन देत. तशी रीतच पडली होती. कला शाखेला गेलेल्याचं गणित सुटलं, वाणिज्यवाले गणिताऐवजी चिटणीसाची कार्यपद्धती हा विषय घेऊन सुटले, आणि जे विज्ञानाला आले ते अशा गणितात शिरले की त्याचा घराच्या उंबऱ्याशी संबंध उरला नाही. पूर्वी शाळेत सामान्य गणित तरी होतं, तेही गेलं. सतरा-अठरा वर्षांचं पोर, उद्या घर चालवायला घेणार, आणि नेमक्या त्याच वयात त्याच्या हातून मापं काढून घ्यायची, हे सरांना उलटं वाटे. ते म्हणत, लहान पोराला व्यवहार शिकवून उपयोग नाही, त्याला व्यवहार पडतच नाही. ज्याच्या हाती घर येणार त्याला शिकवा.

म्हणून त्यांनी प्राचार्य लीलाधर यांच्या मागे लागून कला आणि वाणिज्याच्या बारावीसाठी शनिवारी एक तास मागून घेतला. नाव दिलं व्यवहारगणित. पुस्तक नाही, परीक्षा नाही, गुण नाहीत. प्राचार्य हसून म्हणाले होते, म्हणजे पगार सोडून बठ्ठंच फुकट.

तास चांगला चालला. बियाण्याच्या पाकिटावर हेक्टर, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, आणि घरी बाप बोलतो बिघ्यात. तिन्हींचा मेळ कसा घालायचा इथून सुरुवात झाली. मग प्रमाण, टक्केवारी, टाकीतलं पाणी, पाइपातला वेग. एका शनिवारी सरांनी वेगवेगळ्या आकाराचे पेले आणून प्रत्येकात किती पाणी मावेल याचा अंदाज मुलांकडून घेतला, आणि मग मोजून दाखवलं. एकही अंदाज जवळ आला नाही. उंच पेला सगळ्यांना फसवून गेला. तेव्हा सरांनी बापाचं वाक्य मुलांना दिलं. डोळ्यावर जाऊ नका, मापावर जा.

ते वाक्य मनावर घेणाऱ्यांत कामिनी होती. चुडामणभाऊंची मुलगी. कला शाखेला होती, पण तिला नर्सिंगला जायचं होतं. जळगावला एका संस्थेत प्रवेश घ्यायचं तिने नक्की केलं होतं. ती पहिल्या बाकावर बसे, कमी बोले, आणि उत्तर आलं की नुसता आकडा सांगे. सर तिला दर वेळी टोकत. पन्नास काय? पन्नास केळी, पन्नास कोस? आकडा एकटा पाठवत जाऊ नकोस, त्याच्यासोबत एकक पाठव.

पुढचा भाग सरांनी मुद्दाम दिवाळीनंतरसाठी ठेवला होता. मोजणीच्या पट्ट्या. फूटपट्टीवरची रेघ, तापमापकावरची, औषधाच्या नळीवरची. रेघ दिसायला सारखी, पण प्रत्येक पट्टीवर तिची किंमत वेगळी. हा धडा त्यांच्या घरातूनच आला होता. त्यांची आई, नर्मदाबाई, शेवटची काही वर्षं इन्सुलिनवर होती. एकदा दुकानातून दुसऱ्याच जातीची सुई आली. सर ती भरणार, एवढ्यात टोपणाचा रंग बदललाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते दुकानात विचारायला गेले. तिथे कळलं ते या एम.एस्सी. झालेल्या माणसाला तोवर माहीत नव्हतं. लाल टोपणाची सुई साध्या औषधाची, ज्याच्या एका मिलीत चाळीस युनिट असतात. केशरी टोपणाची कडक औषधाची, एका मिलीत शंभर. दोन्हींवर वीसचा आकडा छापलेला, दोन्हीकडे रेघ, आणि आत येणारं औषध मात्र कमीजास्त.

तो धडा झालाच नाही. दिवाळीनंतर पालकांची सभा झाली. बारावीचं वर्ष, मार्कं नसलेला तास कशाला, असा सूर निघाला. कोणी भांडलं नाही. चुडामणभाऊ तर हात जोडूनच बोलले, की पोरीला नर्सिंगला टक्के लागतात, तो शनिवार इंग्रजीला द्या. त्यात चूक काही नव्हतं. प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. शनिवार इंग्रजीला गेला.

*

मे महिन्यात कामिनीची आजी गेली. शेवंताबाई. सर सुट्टीत वरणगावला होते. परत आल्यावर कळलं, तेव्हा दहावा व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुडामणभाऊंच्या दारावर गेले.

ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. चार-दोन माणसं बसली होती. चुडामणभाऊंनी सरांना जवळ बसवलं. कामिनी पाणी घेऊन आली, सरांपुढे तांब्या ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मग रीतीप्रमाणे सरांनी विचारलं, आणि रीतीप्रमाणे भाऊंनी सांगायला घेतलं. आल्या-गेल्याला सांगून सांगून ती हकिकत आता त्यांच्या तोंडी बसली होती.

शेवंताबाई दोन मुलांकडे महिन्याच्या पाळीने राहत. एक महिना भुसावळला थोरल्या कुंदनकडे, जो रेल्वेतून निवृत्त झाला होता, आणि एक महिना इथे. शुगर जुनी होती. सुई रोजची. दोन्ही घरांत एकच बोली होती, आईला वीसची रेघ. पाळी बदलली की थोरला फोनवर तेवढंच सांगे, वीसची रेघ, विसरू नका. या खेपेला भुसावळची बाटली इथे आल्यावर संपली, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली. नवीन बाटली, नवीन सुया. नवी बाटली आल्यापासून कामिनीच रोज सकाळी द्यायची. त्या दिवशी मळ्यात केळीची कापणी होती, घरचे सगळे पहाटेच गेलेले. कामिनीने आजीला सुई दिली, भाकरी दिली. आजीने अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली, आणि कामिनी मळ्यात मजुरांचा चहा घेऊन गेली. आजी ओट्यावर खाटेवर होती. दुपारी येऊन पाहतात तर नेसलेलं पातळ घामाने चिंब, बोलणं बरळल्यासारखं, डोळे फिरलेले. ऊन असं की कावळा घरट्याबाहेर पडत नव्हता. तळपायाला कांद्याचा रस चोळला, ओलं फडकं घातलं. डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला होता.

“मायले ऊन लागलं, सर,” भाऊ म्हणाले. “आमच्या नशिबात नव्हती, दुसरं काय. पन पोरीनं सेवा केली. त्या दिशी सुया संपेल व्हत्या. मेडिकलवाला लग्नाले गेलेला. तरी हिनं इंजेक्शन चुकू देलं नाई. मायच्या पिशवीत भुसावयच्या जुन्या सुया व्हत्या, अक्कल लावून त्यातली काढली.”

बसलेल्यांनी कौतुकाने कामिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

सरांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला होता तो तसाच राहिला. विचारू नये असं त्यांना वाटत होतं आणि तोंडातून शब्द निघूनही गेले, भुसावळच्या सुयांचं टोपण कोणत्या रंगाचं. लाल, असं कामिनीने सांगितलं. नव्या केशरी होत्या. सर हं म्हणाले. त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला. हिशेब करायची गरजच नव्हती. उन्हाने झोडपलेल्या माणसाची कातडी कोरडी पडते, पातळ चिंब होत नाही, असा घाम साखर एकदम खाली गेली की सुटतो, हेही त्यांना माहीत होतं.

तिथे बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं, की हे आपल्याबरोबर जाऊ द्यायचं. बाई ऐंशीला टेकली होती. गेली ती परत येत नाही. पोरगी अठराची. तिला प्रवेश घ्यायचा आहे. खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे? आयुष्यभर फळ्यावर चुकीचं उत्तर दिसलं की हात आपोआप पुसणीकडे जाणारा हा माणूस त्या दिवशी चूक तशीच ठेवून उठला.

चपला घालताना भाऊ त्यांना निरोप द्यायला खाली आले आणि सहज म्हणाले, मायची उरलेली औषधं गल्लीतल्या सुनंदाबाईला देऊन टाकली. तिलाही शुगर आहे, एकटी आहे, पैसा नाही. बाटली जवळजवळ भरलेली होती, आणि भुसावळच्या लाल सुया. तेवढंच मायच्या नावानं पुण्य.

सर एका पायात चप्पल घालून थांबले. सुनंदाबाईंचं घर कुठलं, असं त्यांनी विचारलं. भाऊंना वाटलं, सर भले माणूस, चौकशी करतात. त्यांनी कामिनीला सांगितलं, सरांना घर दाखवून ये. सर नको नको म्हणाले, सापडेल मला, पण पोरगी चपला घालून पुढे झालीसुद्धा.

सुनंदाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरांनी बाटली पाहायला मागितली. बाईंनी माठाच्या तळाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली बाटली काढली, सुयाही आणल्या. स्वतःची बाटली संपली की ही काढणार होत्या. सरांनी बाटली उन्हात धरून पाहिली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, बाई, ही तुम्हाला चालणार नाही, मी घेऊन जातो, तुमच्या डॉक्टरांची असेल तीच लावा.

“काऊन? जुनी झाली का?”

“जुनी नाही. कडक आहे. हिला या सुया चालत नाहीत.”

“कामिनीच्या आजीले तं याच चालल्या,” सुनंदाबाई म्हणाल्या. “काल देताना हीच तं म्हने, लाल सुई चालते, मीच लावली व्हती. मले तं बठ्ठ्या सारख्याच दिसतात, बाप्पा.”

कामिनीने त्यांच्या हातातून बाटली घेतली. त्यांना ती द्यायची नव्हती, पण ओढाताण करण्यासारखीही ती वेळ नव्हती. तिने बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. मग एक सुई घेतली आणि ती डोळ्यांसमोर आडवी धरली. वर्गात ती गणित करताना ओठ हलवायची, तसे तिचे ओठ हलले.

“इथं एका मिलीत शंभर आहेत,” ती म्हणाली. “आणि या नळीत एका मिलीचे भाग चाळीस. वीस म्हणजे अर्धा मिली.” ती थांबली. मग म्हणाली, “पन्नास युनिट, सर. विसाऐवजी.”

सरांनी तिला आधी बाहेर यायला सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, आजीचं वय झालं होतं, ऊनही होतं, एवढ्यावरून काही म्हणता येत नाही. त्यांनी बरंच काही सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

“उत्तर बरोबर आहे का चूक, तेवढं सांगा.”

समोरच्या घराच्या ओट्यावर कुणीतरी गोधडी झटकत होतं. सर तिकडे पाहत राहिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

*

कामिनीने त्याच दिवशी घरी सांगितलं. दहाव्याला भुसावळहून थोरला आला होता, त्याच्याही समोर सांगितलं. मोठ्या माणसांत वाद झाला. थोरला म्हणाला, सुया माझ्या घरच्या, म्हणजे मला बोल लावता का. त्याची बायको म्हणाली, आमच्याकडे इतकी वर्षं कधी असं झालं नाही. कुणीतरी म्हणालं, सरांना काय पडलं होतं आमच्या घरात. गल्लीत बातमी फिरली तेव्हा तिच्यात सुई, रेघ, मिली असलं काही उरलं नव्हतं. चुडामणच्या पोरीच्या हातून आजी गेली, एवढंच राहिलं होतं.

महिनाभराने चुडामणभाऊ शाळेत आले. शाळा नुकतीच उघडली होती. सर शिक्षकांच्या खोलीत एकटेच होते. भाऊ बसले नाहीत.

“तुमी कायले गेले तिथी, सर?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “उन्हानं गेली व्हती माय. आमी रडून मोकये झालतो.”

सर म्हणाले की सुनंदाबाईंनी ती सुई लावली असती.

“हा, ते खरं हाये,” भाऊ म्हणाले. “सुनंदाबाई वाचली. माह्या घरात आता एक मेली अन् एक अर्धी.”

पोरगी नीट जेवत नाही, आजीच्या खाटेच्या बाजूने जात नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. आणि नर्सिंगचा कागद तिने अजून भरलेला नाही, हेही. तुम्ही सांगून पाहा, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

सरांनी न सांगता जाऊन पाहिलं. दोनदा गेले. दोन्ही वेळा कामिनी बाहेर आली नाही. प्रवेशाची मुदत निघून गेली.

शाळेत मात्र शनिवारचा तास पुन्हा मिळाला, आणि या खेपेला प्राचार्यांनी तो मागण्याआधी दिला. बारावीलाच नाही, अकरावीलाही. पालक सभेत कोणी हरकत घेतली नाही. सगळ्या गावाला कारण माहीत होतं आणि सभेत ते कोणी उच्चारलं नाही. पहिल्याच शनिवारी सरांनी पट्ट्यांचा धडा घेतला. प्रत्येक बाकावर लाल आणि केशरी टोपणाच्या नळ्या दिल्या, सुया काढून. दोन्ही वीसपर्यंत पाण्याने भरायला लावल्या आणि मग ते पाणी पेल्यात ओतून दाखवायला लावलं. पोरांनी पेले शेजारी शेजारी धरून पुन्हा पाहिले. त्या वर्षी तासाला कोणी किराणा म्हणालं नाही, पण सरांना त्याचं समाधान वाटलं नाही.

पावसाळा सरताना एका शनिवारी तास सुटल्यावर कामिनी शाळेत आली. वर्गाच्या दारात थांबली, आत आली नाही. खंगली होती. सरांनी बस म्हटलं तर नको म्हणाली. ती एक गोष्ट सांगायला आली होती आणि ती तिने खाली पाहत सांगितली.

“सर, त्या दिवशी मला दिसलं होतं. औषध रोजच्यापेक्षा खूप जास्त दिसलं, अर्धी नळी भरली. मी परत बाटलीत ढकलणार होते.” ती जरा थांबली. “मग म्हटलं, डोळ्यावर जायचं नाही. रेघ पाहिली. रेघ वीसचीच होती.”

सर उभे होते ते खुर्चीत बसले. तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. वर्गात एखादी पायरी कुठे चुकली हे विचारावं तशा आवाजात म्हटलं होतं. वाक्य खोटं नव्हतं, ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं असं होतं, की मापावर जायचं, पण ते माप कशाचं हे आधी विचारायचं, आणि डोळा ओरडत असेल तर थांबायचं. ते इंग्रजीच्या शनिवारात गेलं होतं. हे तिला सांगावं असं सरांना वाटलं, पण सांगून ओझं कुठून कुठे जाणार होतं? ते एवढंच म्हणाले, की चूक तुझी नाही, मी अर्धंच शिकवलं.

तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. पुढच्या वर्षी प्रवेश घे, असं सरांनी म्हटलं. ती म्हणाली, सुई मी हातात धरणार नाही.

यानंतर ती शाळेकडे आली नाही. एका केळीच्या पॅकिंगच्या कामावर जाऊ लागली, असं सरांच्या कानावर आलं. घड धुवायचे, फण्या कापायच्या, खोक्यात भरायच्या. वजन मात्र दुसऱ्या बाईला करायला सांगते, ते काम घेत नाही, असंही कुणी म्हणालं.

पुढच्या उन्हाळ्याआधी चुडामणभाऊ पुन्हा शाळेत आले. हातात हळदीकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका होत्या. कामिनीचं धुळ्याला ठरलं होतं. मुलगा एका गिरणीत कामाला, घर स्वतःचं, माणसं बरी. सरांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली आणि पोरगी खुशीत आहे ना, असं विचारलं.

भाऊ म्हणाले, पाहुणे पाहायला आले तेव्हा पोरगी खाली मान घालून बसली होती. मुलानं काय शिकली विचारलं, तिनं सांगितलं. मग त्या लोकांनी म्हटलं, तुलाही काही विचारायचं असेल तर विचार. तर हिनं एकच गोष्ट विचारली. घरात शुगरची सुई घेणारं कोणी आहे का?

“त्याहीले वाटलं, पोरगी हुशार हाये, घरातला आजार पाहून घेते. हसले बिचारे.”

“मग काय म्हणाले?” सरांनी विचारलं.

“म्हने, सध्या तरी कोनी नाई. तवा कुठी तिनं व्हय म्हटलं.”

भाऊंनी उरलेल्या पत्रिका काखेत नीट धरल्या आणि ते प्राचार्यांच्या खोलीकडे वळले.